लिव्हर दुखावलेलं असताना भूल घ्यायची झाली तर

गेल्या फेब्रुवारीत एकाच संध्याकाळी दोन पेशंट माझ्यासमोर येऊन बसले. पहिल्या बाई नाशकातल्या इंदिरानगरच्या, पित्ताशयातल्या खड्यांचं ऑपरेशन ठरलेलं. सोनोग्राफीच्या कागदावर 'फॅटी लिव्हर, ग्रेड वन' एवढंच लिहिलेलं होतं, पण तेवढ्यावर त्यांची आठ दिवसांची झोप उडाली होती. "मॅडम, भूल सोसेल ना हो मला?"

दुसरे काका निफाडकडचे द्राक्षबागाईतदार. बेंबीचा हर्निया, पोट टम्म, पाय सुजलेले, डोळ्यांत पिवळी झाक. ते मात्र निवांत. "माल उतरला की एप्रिलच्या खरड छाटणीआधी उरकून टाकू. छोटंसंच तर काम आहे."

बाईंना दहा मिनिटांत फिटनेस दिला. काकांचं ऑपरेशन साडेतीन महिने पुढे ढकललं, तेही त्यांच्या मुलाशी बराच वाद घालून. भूल देण्याच्या कामात पंचवीस वर्षं गेली, आणि लिव्हरच्या बाबतीत हा उलटा प्रकार नेहमीचा झालाय. ज्याला भ्यायचं कारण नाही तो भीतो, आणि ज्यानं थांबायला हवं तो तारीख घेऊन येतो. म्हणून पेशंटसाठी, आणि त्याहून जास्त नातेवाइकांसाठी, ही सगळी वाट पहिल्यापासून लिहून काढतेय. तुमच्या फाईलवरचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील. त्यांच्यासमोर काय घेऊन जायचं आणि काय विचारायचं, ते इथे सापडेल.

आधी एक जुनी भीती

"भुलीनं लिव्हर खराब होतं" हे वाक्य आपल्याकडे आलं ते हॅलोथेनमुळे. १९५६ पासून हे हुंगायचं औषध वापरात आलं आणि पुढे कित्येक वर्षं जगभर चाललं. त्याचा साधारण पाचवा हिस्सा लिव्हरमध्ये मोडला जायचा. फार थोड्या लोकांत, हजारोंमध्ये एखाद्यात, त्या मोडतोडीतून तीव्र कावीळ व्हायची. आज वापरतो त्या आयसोफ्लुरेनचा हजारातला दोनेक भागच लिव्हरमध्ये मोडतो, आणि सेव्होफ्लुरेनच्या विघटनात ते घातक द्रव्य तयारच होत नाही. तेव्हा आजोबांच्या वेळची ती भीती आजोबांच्या वेळच्या औषधाची होती.

खरा धोका दुसरीकडे आहे. हृदय जेवढं रक्त फेकतं त्याचा जवळपास चौथा हिस्सा एकट्या लिव्हरला जातो. त्यातला तीन चतुर्थांश आतड्यांकडून पोर्टल शिरेतून येतो, उरलेला रोहिणीतून. भुलीत रक्तदाब उतरला, पोट उघडलं, किंवा दुर्बिणीसाठी पोटात वायू भरला की हा पुरवठा घटतो. चांगलं लिव्हर ते सहज पचवतं. सिऱ्हॉसिसनं निबर झालेल्या लिव्हरकडे शिल्लकच नसते, त्यामुळे अर्ध्या तासाचा कमी रक्तदाबही ते महिनाभर विसरत नाही. शिवाय रक्त गोठवणारी प्रथिनं, अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन, उपाशीपणी साखर टिकवायचं काम, अमोनियाचा निचरा, आमच्या निम्म्या औषधांची विल्हेवाट, हे सगळं त्याच एका अवयवाकडे आहे.

त्यामुळे "भूल कोणती?" हा प्रश्न मी तिसऱ्या क्रमांकावर ठेवते. पहिला, लिव्हर आज कसं आहे. दुसरा, ऑपरेशन किती मोठं आणि किती तातडीचं. डोळ्यात थेंब टाकून होणारं मोतीबिंदूचं ऑपरेशन आणि पोट उघडून केलेलं आतड्याचं ऑपरेशन यांची तुलनाच नाही.

पायरी १ : आपण कोणत्या रांगेत आहोत ते ओळखा

सोनोग्राफीत फॅटी लिव्हर आहे, बाकी रिपोर्ट ठीक आहेत, माणूस धडधाकट आहे, तर भुलीच्या दृष्टीनं लिव्हर अडथळा नाही. अशा पेशंटमध्ये मला काळजी असते ती वजनाची, शुगरची आणि घोरण्याची. रात्री घोरताना श्वास अडकतो का हे बायकोला किंवा नवऱ्याला विचारून या, कारण घोरणाऱ्याला स्वतःला ते माहीत नसतं. वजनासाठी आठवड्याचं इंजेक्शन चालू असेल तर आवर्जून सांगा. त्यानं जठर हळू रिकामं होतं आणि उपाशी असूनही पोटात अन्न राहू शकतं. डापाग्लिफ्लोझिनसारखी शुगरची गोळी साधारण तीन दिवस आधी बंद करावी लागते.

एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारा आकडा, थोडं वाढलंय, समजा नेहमीच्या मर्यादेच्या दुपटीच्या आत, आणि त्रास काही नाही, तर बहुतेक वेळा काम अडत नाही. तिपटीच्या वर असेल तर तपासणी पुन्हा करून कारण शोधायचं, मगच तारीख. काहींचं फक्त बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं पिवळं द्रव्य, जन्मभर दीड-दोन असतं, बाकी सगळं उत्तम. त्याला गिल्बर्ट म्हणतात आणि तो आजार म्हणण्याच्याही लायकीचा नाही.

हिपॅटायटिस बी किंवा सी असलेले लोक ते लपवतात. कळलं तर शेवटचा नंबर लावतील, जास्त पैसे घेतील, सुनेला कळेल. भीती समजते. पण ऑपरेशनआधी ती तपासणी होतेच, आणि लपवण्याच्या नादात माणूस टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिरची रोजची गोळीही चुकवतो. ती एकही दिवस चुकवू नका.

उरली सिऱ्हॉसिसची रांग, आणि ताज्या काविळीची.

पायरी २ : ताजी कावीळ असेल तर थांबा

पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की ए आणि ई प्रकारची कावीळ डोकं वर काढते. हर्निया, पाइल्स, गुडघा यांची तारीख नेमकी तेव्हा असेल तर सरळ पुढे ढकला. १९६० च्या दशकात, तीव्र काविळीत नकळत ऑपरेशन झालेल्यांची पाहणी झाली होती. त्यात दर दहांत जवळपास एक दगावला होता. आजची भूल त्या काळापेक्षा खूप सुधारली, पण सुजलेलं लिव्हर तेव्हाचंच आहे. रिपोर्ट पूर्ववत होईपर्यंत वाट पाहायची. कुणाला सहा आठवडे लागतात, कुणाला तीन महिने. दारूमुळे लिव्हरला आलेल्या तीव्र सुजेलाही हाच नियम, जरा जास्तच कडक.

अपवाद अडथळ्याच्या काविळीचा. पित्तनळीत खडा किंवा गाठ अडकली असेल तर लघवी गडद, शौचाला पांढरट आणि अंगाला खाज. इथे थांबणं हाच धोका, नळी मोकळी करावी लागते. त्यामुळे 'कावीळ आहे' एवढं पुरत नाही, कोणती आहे ते सोनोग्राफी आणि रक्ताच्या तपासण्यांवरून ठरवून घ्या.

माळ घालणं, नाकात औषध पिळणं, चुन्याच्या पाण्यात हात धुऊन पिवळं पाणी दाखवणं, यांत आपल्याकडे शिकलेले लोकही पंधरा दिवस घालवतात. ए आणि ई कावीळ बहुतेकांची आपसूक बरी होते, श्रेय माळेला जातं. पण अडथळ्याची कावीळ माळेनं हलत नाही, आणि ते पंधरा दिवस नंतर मला आयसीयूत मोजावे लागतात.

पायरी ३ : गुण मांडा

सिऱ्हॉसिस असेल तर चाइल्ड-प्यू नावाची मोजपट्टी घरच्या वहीत मांडता येते. मुळं १९६४ ची, आजची आवृत्ती १९७३ ची, आणि अजून कुणी तिला निवृत्त करू शकलेलं नाही. पाच गोष्टी, प्रत्येकीला एक ते तीन गुण.

बिलिरुबिन २ च्या आत असेल तर १ गुण, २ ते ३ असेल तर २, त्यावर ३. अल्ब्युमिन ३.५ च्या वर असेल तर १, २.८ ते ३.५ ला २, त्याखाली ३. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, १.७ च्या आत १, २.३ पर्यंत २, पुढे ३. पोटात पाणी नाही तर १, थोडं किंवा औषधानं आटोक्यात असेल तर २, ताणलेलं पोट असेल तर ३. भान चोख असेल तर १, अधूनमधून गोंधळ असेल तर २, सुस्त किंवा बेशुद्धीकडे झुकलेला असेल तर ३.

बेरीज ५-६ आली तर गट ए, ७ ते ९ बी, १० ते १५ सी.

निफाडच्या काकांचं गणित असं: बिलिरुबिन ३.४ म्हणून ३, अल्ब्युमिन २.६ म्हणून ३, आयएनआर १.८ म्हणून २, ताणलेल्या पोटाचे ३, भानाचा १. एकूण १२. अमेरिकेत १९८४ आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन पाहण्यांत, पोटाचं ऑपरेशन झालेल्या सिऱ्हॉसिसच्या पेशंटांपैकी ए गटात शंभरातले १०, बी गटात ३० च्या आसपास आणि सी गटात ७६ ते ८२ दगावले होते. चांगल्या केंद्रांत आजचे आकडे याहून बरे आहेत, चढण मात्र तशीच आहे. काकांच्या मुलाला मी कागदावर १२ लिहून दाखवलं तेव्हा कुठे वाद थांबला.

दुसरी मोजपट्टी मेल्ड. तिच्यात बिलिरुबिन, आयएनआर, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) आणि आता सोडियमही येतं. ती हातानं मांडायची नाही, डॉक्टर मोबाइलवर काढतात, तुम्ही आकडा विचारून लिहून ठेवा. १० च्या खाली असेल तर ठरवून करायचं ऑपरेशन सहसा होऊ शकतं, १० ते १५ मध्ये पुन्हा पुन्हा विचार, १५ च्या वर शक्यतो टाळायचं. गट सी असेल तर ऑपरेशनच्या आधी लिव्हर प्रत्यारोपणाचं मत घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

क्रिएटिनिनवर फार विसंबू नका. सिऱ्हॉसिसमध्ये मांड्या-दंड वाळलेले असतात, स्नायू कमी म्हणून क्रिएटिनिनही कमी दिसतं. ०.९ पाहून घरचे खूश होतात, पण किडनी तेव्हाच थकलेली असू शकते.

पायरी ४ : भूलतज्ज्ञासमोर सगळं उघड करा

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

दारूबद्दल विचारलं की "कधीतरी, पार्टीत" असं उत्तर येतं आणि मागे उभी असलेली बायको छताकडे बघते. मला नीतिपाठ द्यायचा नसतो, मला घड्याळ लावायचं असतं. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, बेचैनी सुरू होते. दोन ते चार दिवसांत काहींना भ्रम होतो. अंगावर मुंग्या चढताहेत म्हणतो, सलाइन उपटतो, कुणाला ओळखत नाही. आता हिशेब करा. सोमवारी रात्री ॲडमिट, मंगळवारी ऑपरेशन, गुरुवारी पहाटे हा तमाशा, आणि नातेवाईक म्हणतात, "भुलीचा डोस जास्त झाला."

म्हणून नेमकं सांगा: रोज नाईन्टी की क्वार्टर की त्याहून जास्त, देशी की विदेशी, शेवटचा घोट कधी. आणि आपण वाइनच्या गावात राहतो म्हणून हेही सांगून टाकते, वाइन हा द्राक्षाचा रस नाही. लिव्हर बाटलीवरचं लेबल वाचत नाही. रोज पिणाऱ्यानं ऑपरेशन ठरलं म्हणून घरच्या घरी एका दिवसात बंद करू नये, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, थायमिन म्हणजे बी-१ घेत थांबावं. ऑपरेशन थांबण्यासारखं असेल तर दारू सोडून निदान तीन महिने जाऊ द्या. तेवढ्यात लिव्हर कधीकधी गटच बदलतं, सीचा बी होतो. एवढं सुधारणारं दुसरं औषध माझ्याकडे नाही.

मग गोळ्यांची पिशवी. सगळी आणा, पाकिटांसकट. टीबीची एकेटी, फिटच्या गोळ्या, रक्त पातळ करायच्या गोळ्या, आणि 'नैसर्गिक' म्हणून ज्यांची नावं कुणी सांगत नाही तेही. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी, कोरोनाच्या काळात गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, त्यावर वादही झाला. मी वादात पडत नाही. ऑपरेशनच्या आधी काढे, भस्मं, जिमचे डबे बंद, आणि काय घेत होतात ते मला ठाऊक हवं.

सांधेदुखीसाठी मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफेनॅक-ॲसिक्लोफेनॅकची गोळी याच पिशवीत निघते. सिऱ्हॉसिसवाल्याला ती विषासारखी: किडनी बसवते, रक्तस्राव वाढवते, पोटातलं पाणी वाढवते. ती आजच बंद.

पायरी ५ : तारखेआधीचे आठवडे

काकांचे साडेतीन महिने कशात गेले ते सांगते, म्हणजे 'पुढे ढकललं' याचा अर्थ नुसतं बसून राहणं नाही हे कळेल.

आधी पोटातलं पाणी. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा सपाट चमचा, त्यातच भाजी-आमटीचंही आलं. पापड, लोणचं, चिवडा, फरसाण, ठेचा बंद. "मिसळ?" असं काकांनी विचारलंच. मोडाची मटकी खुशाल खा, प्रथिनंच आहेत, पण वरची शेव, फरसाण आणि कटाचं मीठ नको, असं सांगितल्यावर ते म्हणाले, मग राहिलं काय? सोबत लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्या, स्पायरोनोलॅक्टोन आणि फ्रुसेमाइड, आणि रोज सकाळी वजनाची वहीत नोंद. एकदा सुईनं सात लिटर पाणी काढलं. पाच लिटरच्या वर काढलं तर दर लिटरमागे ६ ते ८ ग्रॅम अल्ब्युमिन शिरेतून द्यावं लागतं. वीस टक्क्यांच्या शंभर मिलिलिटर बाटलीत २० ग्रॅम असतं, म्हणजे दोन-तीन बाटल्या. महाग आहे, पण ते वाचवून पाणी काढलं तर किडनी रुसते. आणि पाणी ताणलेलं असताना बेंबीचा हर्निया शिवला तर टाके तग धरत नाहीत, जखमेतून पाणी झिरपत राहतं.

मग खाणं. लिव्हर खराब म्हणून डाळ-अंडी बंद करायची जुनी पद्धत चुकीची ठरली आहे. वजनाच्या दर किलोला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं लागतात. साठ किलोच्या माणसाला ७० ते ९० ग्रॅम, हे डाळ, दही, पनीर, अंडी यांतून भरून काढायला बरंच खावं लागतं. झोपण्याआधी काहीतरी खाऊन झोपायचं, दोन पोळ्या किंवा वाटीभर दलिया. सिऱ्हॉसिसमध्ये रात्रभराचा उपवास निरोगी माणसाच्या दोन-तीन दिवसांच्या उपवासासारखा लागतो, शरीर स्वतःचे स्नायू खायला लागतं. एकादशी, चतुर्थी, नवरात्र सध्या बाजूला ठेवा, देव समजून घेतो.

तिसरं, दुर्बीण. अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा आहेत का ते एंडोस्कोपीनं पाहून, गरज असेल तर रबरी बँड लावून घ्यायचे. या शिरांवरचा दाब कमी करणारं प्रोप्रानोलॉल किंवा कार्वेडिलॉल चालू असेल तर ते ऑपरेशनच्या सकाळीही सहसा घ्यायचं असतं, तरी विचारून घ्या.

आणि भान. डॉक्टरांच्या आधी घरच्यांना कळतं. दिवसा पेंगतो, रात्री टक्क जागा असतो, सुट्टे पैसे मोजताना चुकतो, विनाकारण चिडतो, हात पुढे धरले की पंजे फडफडतात. घरी एक सोपी परीक्षा घ्या: एका मिनिटात जितक्या प्राण्यांची नावं सांगता येतील तितकी सांगायला लावा. काकांनी गोठ्यापासून सुरुवात करून बिबट्यापर्यंत सतरा गाठले. दहाही जमली नाहीत तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. लॅक्टुलोजचं औषध गोड आणि चिकट म्हणून टाळतात, पण दिवसाला दोन-तीन मऊ शौचाला होतील एवढं ते घ्यायलाच हवं. बद्धकोष्ठता झाली की अमोनिया साठतो आणि माणूस भरकटतो.

रक्ताच्या पिशव्यांबद्दल

ऑपरेशनच्या आदल्या रात्री आयएनआर १.८ आला की धावपळ सुरू होते. कुणीतरी म्हणतं "रक्त फार पातळ झालंय", मुलगा द्वारका चौकातून गाडी काढतो आणि प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातल्या पातळ द्रवाच्या, चार पिशव्या घेऊन येतो.

सिऱ्हॉसिसमध्ये रक्त गोठवणारी प्रथिनं कमी होतात तशी रक्त पातळ ठेवणारीही कमी होतात. दोन्ही पारडी हलकी, काटा मधेच कुठेतरी. आयएनआर फक्त एका पारड्याचं वजन सांगतो. म्हणूनच १.८ आयएनआर असलेल्या माणसाच्या पोर्टल शिरेत गुठळीही सापडते. नुसता आकडा सुंदर दिसावा म्हणून प्लाझ्मा चढवला तर रक्ताचं आकारमान वाढतं, फुगलेल्या शिरांवरचा दाब वाढतो, आणि थांबवायला निघालो तोच रक्तस्राव ओढवून घेतो. प्लाझ्मा प्रत्यक्ष रक्तस्राव होत असेल तेव्हा. टीईजी नावाची, गुठळी कशी बनते ते दाखवणारी तपासणी मिळत असेल तर तिचा उपयोग होतो.

व्हिटॅमिन के चं इंजेक्शन अडथळ्याच्या काविळीत छान लागू पडतं, कारण पित्त आतड्यात न आल्यानं ते जीवनसत्त्व शोषलंच जात नाही. निबर झालेल्या लिव्हरमध्ये ते बऱ्याचदा वाया जातं, कारखानाच बंद असेल तर कच्चा माल पाठवून काय होणार. प्लेटलेट फुगलेल्या पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, अडकतात म्हणून कमी दिसतात. साठ-सत्तर हजार पाहून डेंग्यू समजू नका.

मात्र रक्तगट जुळवून पिशव्या राखून ठेवणं वेगळं. ते आधीच करा.

पायरी ६ : जागा ठरवा

गट ए आणि छोटं ऑपरेशन असेल तर तालुक्याचं चांगलं हॉस्पिटलही चालतं. बी असेल तर जिथे आयसीयू, रात्रीची प्रयोगशाळा, रक्तकेंद्र आणि पोटविकारतज्ज्ञ हाकेच्या अंतरावर आहेत तिथेच. नाशकात सरकारीत जिल्हा रुग्णालय आहे, आडगावला मेडिकल कॉलेजचं रुग्णालय आहे, खासगीत पर्याय बरेच. महात्मा फुले योजनेत हे ऑपरेशन आणि आयसीयूचे दिवस बसतात का ते रेशनकार्ड-आधार घेऊन आरोग्यमित्राला आधीच विचारा. सी असेल आणि ऑपरेशन टळतच नसेल, तर प्रत्यारोपणाची सोय असलेल्या मुंबई-पुण्याच्या केंद्राशी आधी बोलून ठेवावं. प्रकृती ढासळल्यावर रात्री कसारा घाटातून ॲम्ब्युलन्स नेणं हा उपाय नव्हे.

आदली रात्र आणि सकाळ

जड जेवण आठ तास आधी संपवा, हलकं सहा तास. दूध आणि दुधाचा चहा जेवणातच धरायचा, सहा तास. पाणी, कोरा चहा दोन तास आधीपर्यंत चालतो. पोटात बरंच पाणी असेल तर यात बदल होतो, तुमच्या भूलतज्ज्ञाचं ऐका. "रात्री दहानंतर काही नको" एवढंच कुणी सांगितलं आणि नंबर दुपारी दोनचा असेल, तर गप्प बसू नका, विचारा. लिव्हरवाल्याला सोळा तास उपाशी ठेवलं की साखर उतरते. यादीत सकाळचा पहिला नंबर मागून घ्या, तो मागायला लाज नको.

झोपेची गोळी मात्र नको. अल्प्राझोलामची अर्धी गोळी, जिचा अंमल शेजारच्या काकूंना सकाळपर्यंत उतरतो, सिऱ्हॉसिसवाल्याला दोन दिवस गुंगीत ठेवते.

आत काय चालतं

ऑपरेशन थिएटरचं दार बंद झाल्यावर बाहेरच्यांना वाटतं की एक इंजेक्शन दिलं की झालं. पाठीतून भूल द्यायची तर साधारण आयएनआर १.५ च्या आत आणि प्लेटलेट पाऊण लाखाच्या वर असाव्या लागतात, नाहीतर मणक्यात रक्त साकळायची भीती. त्यामुळे "आम्हाला पूर्ण भूल नको, कंबरेखालचीच द्या" हा हट्ट नेमका इथे धरू नका. हातापायाचं काम असेल तर नसेजवळ दिलेली भूल छान.

पूर्ण भूल द्यायची झाली तर औषधं निवडून घेतो. स्नायू सैल करायला ॲट्राक्युरियम माझं लाडकं. ते लिव्हरची वाट पाहत नाही, शरीराच्या उबेनं आणि रक्ताच्या रसायनानं आपोआप मोडतं. व्हेक्युरोनियम दिलं तर ते रेंगाळतं. प्रोपोफॉल थोडं थोडं करून, फेंटानिल मोजकं, मिडाझोलाम शक्यतो नाहीच. पोटात पाणी असेल तर उपाशी असला तरी पोट भरलेलं आहे असं समजून श्वासनलिकेत नळी झटपट टाकतो, म्हणजे उलटी फुफ्फुसात जाणार नाही. रक्तदाब दर ठोक्याला कळावा म्हणून मनगटाच्या रोहिणीत बारीक नळी, तासाला साखर, लघवीचं माप, अंगावर उबदार हवेचं पांघरूण. काकांच्या ऑपरेशनला पंचावन्न मिनिटं लागली आणि त्यातली चाळीस मी रक्तदाबाच्या त्या रेषेकडे बघत होते. तोवर त्यांचे गुण १२ वरून ८ वर आले होते.

जाग यायला वेळ लागतो. दोन तास, कधी जास्त. बाहेर बसलेल्यांना हे मी आधीच सांगून ठेवते.

घरी गेल्यावर

दुखण्यावर पॅरासिटामॉल चालतं, लिव्हरवाल्यांनाही, फक्त दिवसाला दोन ग्रॅमच्या आत. पाचशेच्या चार गोळ्या किंवा साडेसहाशेच्या तीन, त्याहून नाही. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, तेही त्यातच मोजा. मेडिकलवाला "डॉक्टर हीच देतात" म्हणून जी जोडगोळी हातात ठेवतो तिच्यात बहुधा ॲसिक्लोफेनॅक असतं, पाकीट उलटून वाचा. ट्रॅमाडॉलनं पोट साफ होत नाही आणि गुंगी येते, विचारल्याशिवाय नको. लॅक्टुलोज पहिल्या घोटापासून परत सुरू.

लघवी कमी झाली, पोट पुन्हा ताणलं, जखमेतून पाण्यासारखं काही झिरपलं, ताप आला, डोळे पिवळे दिसले, शौचाला डांबरासारखी काळी झाली, किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट पाहू नका. लिव्हर ऑपरेशनच्या दिवशी कुरकुरत नाही, ते तिसऱ्या, पाचव्या, सातव्या दिवशी कुरकुरतं, नेमकं टाके वाळत आले म्हणून सगळे निर्धास्त असतात तेव्हा. आठवड्यानं रक्ताच्या तपासण्या पुन्हा करा, सगळं उत्तम वाटत असलं तरी.

सुरगाणा, पेठ, कळवणकडच्या मंडळींना मी एक जास्तीची गोष्ट सांगते. सुट्टी मिळाली म्हणून लगेच गाव गाठू नका. पंचवटीत, सिडकोत, नाशिकरोडला कुणी मावशी-आत्या असेल तर आठ दिवस तिच्याकडे राहा. वजनाची वही, गोळ्यांची पिशवी आणि प्राण्यांच्या नावांची परीक्षा तिथेही चालू ठेवा. तिला मिठाचं आधी सांगून ठेवा, नाहीतर पाहुण्यासाठी ती पहिल्याच दिवशी पापड तळेल.